शेजाऱ्यांची सरासरी

रात्रपाळीला दोन दरवाजे माझ्या हाती असतात
आणि त्यांच्या मधोमध अडकलेलं पाणी.
फ्रीसलंडात वेस्टरझाइलचं हे लॉक म्हणजे
बोटींना एका पातळीवरून दुसरीवर
अलगद उतरवणारी पेटी.
बोट नसली की पेटीत फक्त वारा उतरतो.

कॅल्क्युलेटर जुन्या बाजारातला, अकरा युरोंचा.
पाठीवर कंपासच्या टोकाने कोरलंय, एफ. डाउमा.
बॅटरीच्या झाकणाला पिवळी चिकटपट्टी.
आत डाउमाचं काय काय राहून गेलेलं:
वर्गसमीकरणं, सापाचा खेळ,
आणि बाउके नावाचा एक प्रोग्राम.
तो चालवला की ठिपक्याठिपक्याने
पडद्यावर एक कुत्रा उमटतो.
एक कान दुमडलेला.
बस्स, तेवढंच.

वर्गसमीकरणं पुसली. साप पुसला.
मग त्या जागेत मी माझं पाणी भरलं.

रीत साधी आहे.
पाण्याचे चौकोन पाडायचे, चाळीतल्या खोल्यांसारखे,
आणि प्रत्येकाला विचारायचं, तुझं काय चाललंय?
तो म्हणतो, माझं काय, शेजारी जे म्हणतील ते.
वरचा, खालचा, डावा, उजवा,
चौघांची सरासरी, त्यात स्वतःची थोडी गिरकी.
मग पुढचा चौकोन. मग त्याच्या पुढचा.
सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून,
कारण तोवर शेजाऱ्यांचं मत बदललेलं असतं.

तळ आणि भिंती हलत नाहीत. वरून वारा.
लांबी मी खोलीइतकीच धरली, हे खोटं आहे,
लॉक साठ मीटर लांब आहे.
पण एवढ्याशा मशीनला
एवढं खोटं परवडायला हवं.

पहिल्या रात्री घाईने मोठं पाऊल टाकलं.
आकडे फुगत गेले आणि पहाटे तीनला
दुधासारखे उतू गेले.
पडद्यावर इंग्रजीत चूक आली, ओव्हरफ्लो.
म्हणजे त्यालाही तेच म्हणायचं होतं.

हिल्के, पाळी बदलायला येतो तो, हसला.
"यिल्टये, खिडकीतून बघ ना. पाणी तिथेच आहे, फुकट."
मी म्हटलं, वरचं दिसतं रे.

पाऊल निम्मं केलं. परत निम्मं केलं.
बारा बाय बाराला जागा पुरेना.
एक रांग कमी, किंवा बाउके.
अंगठा पुसायच्या बटणावर
बराच वेळ होता.
डाउमा कोण, कुत्रा अजून आहे का,
कोणत्या तासाला, कोणत्या कंटाळ्यात
त्याने तो कान दुमडला असेल.

अकरा बाय अकरा.

चौथ्या रात्री, बॅटरीच्या चार सेलांपैकी
दोन बदलून, सहाशे फेऱ्यांनंतर
आकडे हलायचे थांबले.
मधोमध भोवरा.
लहानपणी दोरी गुंडाळून फेकायचा तसा नाही,
सुस्त, रुंद, जेवून उठल्यासारखा.
सगळ्या घरांत अधिक.
फक्त खाली, वाऱ्याच्या टोकाकडच्या कोपऱ्यात
एका घरात उणे.

एकच घर. शून्य पूर्णांक, मग शून्यं,
मग कुठेतरी एक दोन.
सगळं पाणी एका दिशेने फिरताना
कोपऱ्यात कुणीतरी उलटं फिरतंय.
किंवा ही नुसती आकड्यांची शेवटची धूळ.
आणखी एक रांग असती
तर कदाचित कळलं असतं.

सहा दहाला वाळूचा बार्ज आला.
खाली तळाच्या कोपऱ्यात जे काही होतं
त्याच्यावर मी दरवाजा उघडला.
पाणी पाण्यात गेलं, नेहमीसारखं.
कप्तानाने टोपी हलवली.

परत येऊन बसले.
थोडा चार्ज उरला होता.
बाउके चालवला.
पाय, शेपूट, पाठ,
मग सर्वांत शेवटी
तो कान.